जलतरण तलावाचा पंप वारंवार बंद पडतो तेव्हा कारण कसे शोधावे

तलावाची देखभाल नव्याने हाती घेतलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच ज्या तक्रारीला तोंड द्यावे लागते, ती म्हणजे पंप चालू केल्यावर काही वेळाने आपोआप बंद पडणे. कधी तो अर्ध्या तासाने स्वतःच पुन्हा सुरू होतो, कधी ब्रेकर वर केल्याशिवाय सुरू होत नाही, तर कधी सुरू होतानाच घुर्र आवाज करून थांबतो. अशा वेळी मोटर जळाली असे गृहीत धरून नवी मोटर आणली जाते आणि पुष्कळदा नवी मोटरही तशीच बंद पडू लागते, कारण दोष मोटरीत नसून तिच्यापर्यंत येणाऱ्या विजेत, पाण्यात किंवा हवेत असतो.

पंपाचा वीजपुरवठा तोडू शकणारी साधने मोजकीच आहेत : वितरण पेटीतील ब्रेकर, जमिनीकडे होणारी विजेची गळती ओळखणारे आरसीसीबी, मोटरीच्या आतील उष्णता-संरक्षक, टायमर किंवा स्वयंचलित नियंत्रक आणि बदलत्या वेगाच्या पंपात त्याचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. यांपैकी प्रत्येक साधन वेगळ्या कारणाने वीज तोडते. म्हणून पंप का बंद पडला हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून तो कोणी बंद केला हे आधी शोधावे, म्हणजे तपासण्याजोग्या गोष्टींची यादी एकदम लहान होते.

हात लावण्यापूर्वी

तलावात कोणीही नाही याची खात्री करावी आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. पंप केवळ टायमरवर किंवा मोबाइलवरून बंद करून भागत नाही; वितरण पेटीतील त्याचा ब्रेकर खाली करावा आणि दुसऱ्या कोणी तो नकळत वर करू नये म्हणून त्याला कुलूप किंवा निदान ठळक चिठ्ठी लावावी. उष्णता-संरक्षकामुळे थांबलेली मोटर थंड होताच कोणतीही पूर्वसूचना न देता फिरू लागते, ही गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. बंद दिसणाऱ्या पंपात हात घालून झालेल्या इजांमागे बहुधा हेच असते.

फिल्टरची टाकी किंवा पंपाचे झाकण उघडण्याआधी फिल्टरवरील हवा सोडण्याची झडप उघडून दाब शून्यावर आणावा. तलावाच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या तोंडावरील जाळी तुटलेली किंवा सैल असेल, तर पंपाचा विचार नंतर करावा. ती जाळी बसेपर्यंत पंप चालवूच नये, कारण उघड्या तोंडाची ओढ माणसाला पाण्याखाली धरून ठेवण्याइतकी प्रबळ असते.

या लेखातील पाणी, टोपली, झाकण, आवाज आणि वेळ यांच्याशी संबंधित तपासण्या कोणीही करू शकतो. मोटरीच्या जोडणी-पेटीचे झाकण उघडून करायची मोजमापे मात्र प्रशिक्षित इलेक्ट्रिशियनने करावीत. ती येथे दिली आहेत ती, त्याला काय विचारायचे आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा हे कळावे म्हणून.

पहिली पायरी : वीज कोणी तोडली ते पाहणे

पंप थांबला की लगेच काहीही दाबू नये. प्रथम वितरण पेटीकडे जावे. पंपाचा ब्रेकर खाली पडला आहे का, की मधल्या स्थितीत अडकला आहे, की वरच आहे, हे नीट पाहावे. त्यानंतर आरसीसीबी पाहावे. ब्रेकर पडला असेल तर विद्युतप्रवाह मर्यादेपेक्षा जास्त झाला, असा त्याचा अर्थ आहे. आरसीसीबी पडले असेल तर वीज तारेऐवजी ओलाव्यातून किंवा मोटरीच्या धातूच्या अंगातून जमिनीकडे जात आहे. काही साधनांत ब्रेकर आणि गळती-संरक्षण एकाच खटक्यात असते. चाचणीचे छोटे बटण साध्या आरसीसीबीवरही असते, पण ते पंपाच्या ब्रेकरवरच असल्यास ते बहुधा असे दुहेरी साधन आहे असे समजावे.

दोन्ही वर असतील तर टायमरकडे पाहावे. त्याने वीज चालू ठेवली आहे आणि तरीही मोटर निश्चल आहे, असे असल्यास मोटरीतील उष्णता-संरक्षकाने सर्किट तोडल्याची शक्यता सर्वाधिक. हे संरक्षक म्हणजे उष्णतेने वाकणारी, दोन धातूंची लहान चकती असते. मोटर ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की ती वाकून संपर्क तोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडते. यास साधारण वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ लागतो. पंप आपोआप बंद पडून आपोआप सुरू होत असेल आणि हा खेळ दिवसभर चालत असेल, तर संशय याच दिशेने न्यावा.

दुसरी पायरी : किती वेळाने थांबला ते लिहून ठेवणे

सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ, त्या वेळचा फिल्टरवरील दाब आणि ऐकू आलेला आवाज, एवढे कागदावर लिहावे. ही नोंद कंटाळवाणी वाटते, परंतु निम्मे निदान तिच्यातूनच होते असे माझे मत आहे, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावले तरी त्याचा पहिला प्रश्न हाच असतो.

खटका वर करताक्षणी ब्रेकर पडला तर कुठेतरी तारा एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा वाइंडिंग (मोटरीतील तारेचे वेटोळे) जळले आहे. मोटर काही सेकंद नुसता घुर्र आवाज करून मग थांबली, तर ती फिरायचा प्रयत्न करत आहे पण फिरू शकत नाही. कारण कपॅसिटर (मोटर सुरू होण्यास जोर देणारा विद्युत भाग), अडकलेला इम्पेलर (पंपातील पाणी फेकणारे चाक) किंवा जाम झालेले बेअरिंग. पाच-दहा मिनिटे चांगली चालून पाणी ओढणे सोडले आणि नंतर थांबली, तर पाण्याच्या बाजूला हवा शिरत आहे. अर्धा तास किंवा त्याहून अधिक चालून थांबली आणि दुपारीच असे जास्त होत असेल, तर मोटर तापत आहे. रोज घड्याळाच्या त्याच काट्यावर थांबत असेल तर टायमर पाहावा. पाऊस पडून गेल्यावरच आरसीसीबी पडत असेल तर ओलावा शोधावा.

तिसरी पायरी : पाण्याची बाजू

येथून सुरुवात करावी, कारण यात साधने लागत नाहीत आणि खर्चही नसतो.

तलावातील पाणी स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतील कप्प्याच्या, तोंडाच्या मध्यापर्यंत असावे. ते खाली गेले की स्किमर पाण्याबरोबर हवा ओढू लागतो. पातळी बरोबर दिसत असली तरी पंप चालू असताना स्किमरच्या आत डोकावून पाहावे : त्याच्या तोंडाशी असलेली झुलती फळी अडकून उभी राहिली असेल, तर आतले पाणी भराभर उपसले जाते, बाहेरून तेवढे येत नाही आणि काही मिनिटांनी पंप हवा गिळू लागतो. बाहेरून तलाव भरलेला दिसत असल्यामुळे हा दोष शोधायला पुष्कळ वेळ जातो.

त्यानंतर ब्रेकर बंद करून स्किमरची आणि पंपाची टोपली काढून धुवावी. टोपलीला तडा गेला असेल तर ती बदलावी. त्या तड्यातून गेलेले केस, बिया आणि पानांचे देठ थेट इम्पेलरच्या तोंडात जाऊन बसतात. टोपली काढल्यावर तिच्या मागच्या छिद्रातून इम्पेलरच्या तोंडापर्यंत बोट किंवा वाकवलेली तार पोहोचते. तेथील कचरा हलक्या हाताने ओढून काढावा, आत ढकलू नये.

झाकणाखालचा ओ-रिंग (रबरी कडे) स्वच्छ पुसून चिरा पडल्या आहेत का ते पाहावे आणि त्यावर सिलिकॉनयुक्त वंगणाचा पातळ हात फिरवावा. खनिज तेलाचे वंगण किंवा व्हॅसलिन लावण्याचा मोह होतो, पण त्याने काही प्रकारचे रबर फुगते आणि काही महिन्यांत झाकण पुन्हा हवा ओढू लागते. टोपलीचे भांडे पाण्याने काठोकाठ भरून झाकण घट्ट करावे, फिल्टरवरील हवेची झडप उघडी ठेवावी, खेचणाऱ्या आणि सोडणाऱ्या नळांवरील व्हॉल्व्ह उघडे आहेत हे पाहावे आणि मगच पंप सुरू करावा. सुरू करताना फिल्टरच्या टाकीपासून दूर उभे राहावे. हवेच्या झडपेतून आधी हवा आणि मग सलग पाण्याची धार आली की ती बंद करावी.

आता पारदर्शक झाकणातून पाहावे. भांडे पूर्ण भरलेले आणि पाणी स्वच्छ दिसले तर उत्तम. त्यात सतत बुडबुडे फिरत असतील किंवा वरचा भाग रिकामा राहत असेल, तर पंपाच्या अलीकडच्या नळात कुठेतरी हवा शिरते आहे. खेचणाऱ्या नळाच्या सांध्यांवर एकेक करून थोडे थोडे पाणी ओतावे, मोटरीवर मात्र थेंबही उडू देऊ नये. ज्या सांध्यावर पाणी पडताच झाकणातील बुडबुडे कमी होतात, तेथेच गळती आहे. काही मिनिटे होऊनही पंप पाणी धरत नसेल तर तो बंद करावा. शाफ्टवरील (मोटरीच्या फिरत्या दांड्यावरील) यांत्रिक सीलला, म्हणजे पाणी मोटरीकडे जाऊ न देणाऱ्या भागाला, थंड ठेवणारे आणि वंगण पुरवणारे दुसरे काही नसते, ते काम पाणीच करते. कोरड्या चाललेल्या पंपाचे सील थोड्याच वेळात खराब होते.

येथे एका प्रचलित समजाविषयी लिहिणे आवश्यक आहे. फिल्टर तुंबला की मोटरीवर ताण येऊन ती बंद पडते, असे सर्रास सांगितले जाते. तलावावर वापरल्या जाणाऱ्या केंद्रोत्सारी, म्हणजे फिरत्या इम्पेलरने पाणी बाहेर फेकणाऱ्या, पंपाच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुधा उलट असते : पाणी जितके कमी वाहते तितके मोटरीला काम कमी पडते आणि ती वीजही कमी घेते. जास्त विद्युतप्रवाह घेते ती नळ मोकळा झाल्यावर, म्हणजे पुढचा नळ फुटला असेल, फिल्टर वगळून पाणी थेट सोडले जात असेल किंवा बदलताना मोठा इम्पेलर बसवला असेल तेव्हा. तुंबलेला फिल्टर धुवायला हवाच, कारण अडलेले पाणी पंपाच्या पोटातच फिरत राहून तापते, प्लॅस्टिकचे भाग आणि सील बिघडवते आणि नव्या पंपांतील नियंत्रक अशा वेळी प्रवाह नाही म्हणून पंप थांबवतो. परंतु ब्रेकर पडत असताना केवळ फिल्टर धुऊन प्रश्न सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

फिल्टर केव्हा धुवायचा यासाठी तो स्वच्छ असतानाचा दाब लिहून ठेवलेला असावा. त्यापेक्षा दाब ८ ते १० पीएसआयने (दाबमापकावरील एकक) वाढला की वाळूच्या फिल्टरला बॅकवॉश द्यावा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून तो धुवावा, किंवा कार्ट्रिज (गाळणीचे नळकांडे) काढून धुवावे. बॅकवॉशसाठी मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा (पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेचा) दांडा फिरवताना पंप प्रत्येक वेळी बंद करावा. चालत्या पंपावर तो फिरवला तर आतील गॅस्केट निसटते.

चौथी पायरी : तापणारी मोटर

उष्णता-संरक्षकामुळे थांबणाऱ्या मोटरीला हात लावून ती किती तापली याचा अंदाज घेण्याची सवय सगळ्यांनाच असते. तो अंदाज फारसा उपयोगाचा नाही, कारण निरोगी मोटरही हात ठेवता येणार नाही इतकी गरम असू शकते. ती वारंवार थांबते की नाही, हाच खरा निकष.

आधी हवा पाहावी. मोटरीच्या मागच्या टोकाला पंखा असतो आणि तो तेथील फटींतून हवा ओढतो. त्या फटींत पाने, कोळिष्टके, धूळ किंवा मुंग्यांची वारुळे साचली असतील तर ब्रेकर बंद करून ती कोरड्या ब्रशने काढावी. मोटर भिंतीला खेटून बसवली असेल, बंद पेटीत असेल किंवा पावसापासून जपण्यासाठी तिच्यावर ताडपत्री गुंडाळली असेल, तर ती स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढते. वर छप्पर असावे आणि चारही बाजू मोकळ्या असाव्यात, ही रचना सर्वांत चांगली. थेट उन्हातील मोटरीवर सावली केली तरी दुपारचे थांबणे कधी कधी पूर्ण बंद होते. तापलेल्या मोटरीवर पाणी ओतणे किंवा ओले फडके टाकणे हा उपाय नसून धोका आहे.

हवा मोकळी असूनही मोटर तापत असेल तर व्होल्टेज मोजून घ्यावे. ते पंप चालू असताना आणि मोटरीच्या जोडणीपाशी मोजलेले असावे, कारण पंप बंद असताना वितरण पेटीत मोजलेला आकडा ठीक दिसतो आणि दिशाभूल करतो. मोटरीच्या नेमप्लेटवर लिहिलेल्या व्होल्टेजपेक्षा प्रत्यक्ष व्होल्टेज १० टक्क्यांहून कमी किंवा जास्त नसावे. व्होल्टेज घटले की तेवढेच काम करण्यासाठी मोटर जास्त विद्युतप्रवाह घेते, आणि वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रवाह १० टक्के वाढला तर उष्णता सुमारे २१ टक्के वाढते. पंप वितरण पेटीपासून लांब असेल आणि केबल बारीक असेल, तर व्होल्टेज वाटेतच गळते. अशा ठिकाणी कितीही चांगली मोटर आणली तरी ती थांबणारच. बदलायची असते ती केबल.

सैल किंवा काळवंडलेली जोडणीही हेच करते. टर्मिनलपाशी वितळलेले प्लॅस्टिक, करपट वास किंवा रंग उडालेली तार दिसली तर शोध तेथेच संपतो. जी मोटर दोन वेगवेगळ्या व्होल्टेजवर जोडता येते, तिच्यातील निवड-खटका पुरवठ्याशी जुळतो का हेही एकदा पाहून घ्यावे. जास्त व्होल्टेजसाठी लावलेली मोटर कमी व्होल्टेजवर कशीबशी घुमते आणि तापते, आणि उलट प्रकार घडला तर ती थोड्याच वेळात जळते.

यानंतर राहते बेअरिंग. कर्कश, धातू घासल्यासारखा आवाज आठवड्यागणिक वाढत असेल तर बेअरिंग संपत आले आहे. त्याचे मूळ कारण बहुधा पुढे असते : पंप आणि मोटर जेथे जोडले आहेत तेथून पाणी ठिबकत असेल, तर सील गेले आहे आणि तेच पाणी पुढच्या बेअरिंगमध्ये शिरून त्याचे वंगण धुऊन नेत आहे. केवळ बेअरिंग बदलून सील जुनेच ठेवणे म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणे होय. पंप एकदा उघडला की सील नवीनच बसवावे.

पाचवी पायरी : घुमते पण फिरत नाही

मोटर घुर्र आवाज करते आणि काही सेकंदांत ब्रेकर किंवा उष्णता-संरक्षक तिला थांबवतो, असे होत असल्यास पुन्हा पुन्हा खटका वर करून पाहू नये. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. फिरू न शकणाऱ्या मोटरीत तो प्रवाह कमीच होत नाही आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर वाइंडिंगवरचे वार्निश भाजत जाते.

ब्रेकर बंद करून मोटरीच्या मागचे लहान झाकण काढावे. तेथे शाफ्टचे टोक दिसते आणि त्याला स्क्रूड्रायव्हरसाठी खाच किंवा पान्यासाठी सपाट बाजू असते. शाफ्ट हाताच्या ताकदीने सहज फिरला पाहिजे. तो मुळीच फिरत नसेल तर इम्पेलरमध्ये खडा किंवा कचरा अडकला आहे, अथवा बेअरिंग गंजून बसले आहे. बरेच महिने बंद राहिलेल्या पंपात असे नेहमी घडते आणि कधी कधी शाफ्ट हाताने थोडा मागेपुढे केल्यावर मोटर पूर्ववत चालूही लागते.

शाफ्ट मोकळा फिरतो आणि तरीही मोटर सुरू होत नाही, तर कपॅसिटर कमजोर झाला असण्याची शक्यता मोठी आहे. फुगलेले डोके, तडा किंवा बाहेर आलेला तेलकट द्रव ही त्याची उघड लक्षणे. परंतु बाहेरून धडधाकट दिसणारा कपॅसिटरही निकामी असू शकतो, म्हणून त्याची क्षमता मीटरवर मोजावी लागते. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो आणि त्याचा झटका गंभीर असतो, त्यामुळे तो योग्य रोधकातून (रेझिस्टरमधून) रिकामा केल्याशिवाय त्याच्या टोकांना स्पर्श करू नये. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टेजचा घ्यावा. मोटर सुरू करून देणारा आणि चालताना कायम जोडलेला राहणारा, असे दोन निराळे प्रकार असतात. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

ज्या मोटरींत वेग आल्यावर सुरुवातीचे वाइंडिंग सोडवणारा केंद्रोत्सारी खटका असतो, तेथे त्या खटक्याच्या संपर्कांत मुंग्या चिरडून बसल्याने मोटर सुरूच न होणे, किंवा संपर्क चिकटून राहिल्याने ती सुरू होऊन अल्पावधीत तापून थांबणे, हे दोन्ही प्रकार घडतात. मुंगीसारख्या जिवाने एवढा मोठा पंप थांबवावा हे खरे वाटत नाही, पण दुरुस्ती करणाऱ्यांना ते चांगले ठाऊक असते.

सहावी पायरी : आरसीसीबी पडत असेल तर

या दोषाबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. पाण्यात असलेल्या माणसाच्या अंगातून विजेचा प्रवाह जाऊ नये म्हणून हे साधन बसवलेले असते. सर्वसाधारणपणे ते ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडते आणि काही ठिकाणी तलावासाठी ५ ते ६ मिलिअँपिअरवर तोडणारे साधन बंधनकारक असते. ते वगळून पंप थेट जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कितीही अनुभवी असला तरी ऐकू नये.

एकाच आरसीसीबीवर पंपाबरोबर पाण्याखालील दिवे, हीटर आणि क्लोरिन तयार करणारे यंत्र जोडलेले असू शकते. ही सर्व उपकरणे वेगळी करून एकेक जोडत जावे. जे जोडताच साधन पडते, ते दोषी. पंपच दोषी ठरला तर ठिबकणारे सील, जोडणी-पेटीत साचलेले पाणी, केबलच्या नळीत उतरलेले पावसाचे पाणी आणि उंदरांनी कुरतडलेली केबल या जागा क्रमाने तपासून घ्याव्यात. इलेक्ट्रिशियन मेगरने (विजेचा मोठा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) वाइंडिंग आणि मोटरीचे अंग यांमधील रोध मोजतो. तो १ मेगओहमपेक्षा कमी निघाला तर मोटर आधी वाळवावी लागते, आणि वाळवूनही आकडा वर येत नसेल तर वाइंडिंग नवे करावे लागते किंवा मोटर बदलावी लागते. बदलत्या वेगाच्या काही पंपांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे थोडी गळती नेहमीच होत असते, म्हणून उत्पादकाने सुचवलेल्या प्रकारचेच गळती-संरक्षण त्यांना लावावे.

ब्रेकर, टायमर आणि नियंत्रक

ब्रेकर पडत असेल तर क्लॅम्प मीटरने चालू मोटरीचा प्रवाह मोजून घ्यावा. मीटरचा जबडा एकाच तारेभोवती असावा, दोन्ही तारा आत घेतल्या तर आकडा शून्याजवळ येतो. हा प्रवाह नेमप्लेटवरील कमाल आकड्याच्या आत असूनही ब्रेकर पडत असेल, तर दोष जुनाट ब्रेकरमध्ये किंवा त्याच्या सैल स्क्रूमध्ये आहे. प्रवाह जास्त असेल तर आधीच्या पायऱ्यांतील कारणे पुन्हा पाहावीत. ब्रेकर पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणे हा सर्वांत घातक उपाय आहे, कारण तेव्हा ब्रेकरऐवजी केबल तापते. तीन फेजच्या मोठ्या पंपांत स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारे साधन) पडत असेल, तर एखादी फेज गेली आहे का ते प्रथम पाहावे आणि रिलेचा आकडा नेमप्लेटशी जुळवावा.

यांत्रिक टायमरचे घड्याळ वीज गेली तेवढा वेळ थांबते आणि नंतर मागे राहते. मध्यरात्री बंद व्हायचा पंप मग सकाळी बंद होतो. घड्याळ लावावे, सैल झालेल्या खुंट्या घट्ट कराव्यात. एवढेच.

बदलत्या वेगाच्या पंपाच्या पडद्यावर त्रुटीचा क्रमांक उमटतो. तो पुसण्याआधी लिहून घ्यावा आणि त्याच मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावा, कारण एकच क्रमांक वेगवेगळ्या उत्पादकांकडे वेगळ्या अर्थाने वापरला जातो. पाणी न धरणे, व्होल्टेज कमी होणे आणि नियंत्रण-पेटी तापणे ही कारणे वारंवार आढळतात आणि त्यांचे उपाय वर आलेलेच आहेत. सर्वांत कमी वेगावर चालवताना पंप थांबत असेल, तर वेग थोडा वाढवून पाहावा. अतिमंद वेगात हवा पुढे ढकलली जात नाही आणि नियंत्रकाला पंप कोरडा वाटतो.

दुरुस्ती होईपर्यंत

पंप बेभरवशाचा झाला की त्यावर अवलंबून असलेली उपकरणे आधी बंद करावीत. हीटर पाण्याच्या वाहत्या प्रवाहाशिवाय चालू राहू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्लोरिन आणि आम्ल सोडणारे डोसिंग पंप. मुख्य पंप थांबलेला असताना ते चालू राहिले तर दोन्ही रसायने नळातील स्थिर पाण्यात एकत्र येतात आणि त्यांतून विषारी क्लोरिन वायू तयार होतो. मुख्य पंप पुन्हा सुरू होताच तो वायू पाण्याबरोबर थेट पोहणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. मुख्य पंप थांबला की डोसिंग पंपही आपोआप थांबेल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून याच भेटीत तपासून घ्यावी. अशी जोडणी नसेल तर ते हाताने बंद करावेत, आणि प्रत्येक वेळी मुख्य पंप पुन्हा सुरू करताना तलावात कोणालाही उतरू देऊ नये.

पाणी फिरत नसताना जंतुनाशक सर्वत्र सारखे पसरत नाही. म्हणून क्लोरिनची मात्रा विरघळवून तलावाच्या कडेने हाताने पसरावी, ब्रशने पाणी हलवावे आणि तपासणी संचाने तलावाच्या दोन-तीन ठिकाणी पातळी मोजावी. तळ स्पष्ट दिसेनासा झाला तर पोहणे बंद ठेवावे. दुरुस्तीनंतर पंप सलग काही तास कोणाच्या तरी नजरेसमोर चालवावा आणि त्या वेळचा फिल्टरचा दाब, चालू व्होल्टेज आणि प्रवाह हे तीन आकडे पंपाजवळच्या भिंतीवर, पाण्याने पुसणार नाहीत अशा शाईने लिहून ठेवावेत.